परदेशी काजू बी रोखली की कोकणात भाव वाढेल का?

काजूचा हंगाम सुरू झाला की सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला या पट्ट्यात एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. सरकारने बाजार खुला केला म्हणून आफ्रिकेची स्वस्त काजू बी बिनशुल्क येते, तिच्यावर 70 टक्के आयात शुल्क लावावे, ते परदेशी व्यापारी भरेल आणि आपल्या बागायतदाराला किलोमागे 200 रुपये आपोआप मिळतील, असा त्याचा आशय असतो. मी बागायतदाराच्याच घरातला आहे. खळ्यात बी वाळत पडलेली असताना भाव उतरल्याची बातमी आली की घरात काय होते, ते मी पाहिले आहे. या मजकुरामागचा संताप खरा आहे, पण त्यातली विधाने एकेक करून तपासली तर बहुतेक टिकत नाहीत, आणि चुकीच्या मागणीच्या मागे आणखी एक हंगाम वाया जातो.

आधी शुल्क कोण भरतो ते पाहू. माल बंदरात उतरल्यावर सीमाशुल्क विभागाकडे रक्कम भरतो तो इथला आयातदार, म्हणजे बहुधा कारखानदार किंवा त्याला बी पुरवणारा व्यापारी. शुल्क वाढल्यावर परदेशी विक्रेत्याने आपला दर तेवढा उतरवला, तरच त्याचा भार त्याच्यावर गेला असे म्हणता येईल. पण आफ्रिकेतल्या विक्रेत्याकडे व्हिएतनामसारखे मोठे गिऱ्हाईक उभे आहे. 2006 पासून काजूगराच्या निर्यातीत तो देश भारताच्या पुढे आहे आणि त्याच्या कारखान्यांनाही आफ्रिकेचीच बी लागते. अशा विक्रेत्याने आपल्यासाठी भाव का पाडावा?

बाजार खुला केल्यामुळे ही बी येऊ लागली, हेही खरे नाही. स्वातंत्र्याच्या आधीपासून पूर्व आफ्रिकेची बी केरळात कोल्लमला उतरत असे आणि तिथले कारखाने तिच्यावर वाढले. आजही देशात साधारण 7 ते 8 लाख टन काजू बी पिकते आणि कारखान्यांची गरज त्याच्या दुपटीच्या आसपास जाते. पावसाळ्यानंतर आपल्याकडची बी संपते, तेव्हा कोकणातल्या फोडणीच्या आणि सोलणीच्या शेडमध्ये बायकांच्या हाताला काम राहते ते पुष्कळदा बाहेरून आलेल्या बीमुळे.

सर्वांत मोठा घोटाळा ‘बिनशुल्क’ या शब्दात आहे, कारण काजू बी आणि काजूगर यांना वेगवेगळे नियम लागू आहेत. गरावरचे शुल्क 2019 च्या अर्थसंकल्पात 45 वरून 70 टक्के झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये अख्ख्या गराची किमान आयात किंमत किलोला 720 रुपये, तर तुकड्याची 680 रुपये ठरवली गेली. मजकुरात मागितलेले 70 टक्के गराला आधीच लागू आहेत. कच्च्या बीवर 2016 मध्ये 5 टक्के शुल्क बसले आणि 2018 मध्ये ते अडीच टक्क्यांवर आले. मात्र अल्पविकसित देशांसाठी भारताने 2008 पासून जी सवलत योजना चालवली आहे, तिच्याखाली टांझानिया, बेनिन, गिनी-बिसाऊ अशा देशांची बी मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर शुल्काशिवाय येऊ शकते. आयव्हरी कोस्ट आणि घाना त्या यादीत नाहीत. म्हणजे उद्या अडीचचे वीस टक्के केले तरी खरेदी एका देशाकडून दुसऱ्याकडे सरकेल, बंदरात उतरणारी बी मात्र फारशी घटणार नाही.

एक मुद्दा मी मान्य करतो. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम फेब्रुवारीपासून सुरू होतो, म्हणजे नेमका आपल्या हंगामावर येतो, आणि त्या चार महिन्यांत व्यापारी बाहेरच्या सौद्याचा धाक दाखवून इथला भाव पाडतात. त्यापुरते हंगामी शुल्क मागण्यात काही गैर नाही, पण वरची सवलत कायम असेपर्यंत त्याचा उपयोग अर्धाच होईल. शिवाय तिकडचे देशही स्वस्थ बसलेले नाहीत. मोझांबिकने 1990 च्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहाने कच्च्या बीवरचा निर्यात कर उतरवला, तेव्हा त्याचे प्रक्रिया कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. पुढे त्याने तो कर पुन्हा वाढवला. बेनिनने तर एप्रिल 2024 पासून कच्च्या बीची निर्यात बंद करण्याचे जाहीर केले. त्यांनाही गर आपल्याच देशात काढायचा आहे.

राहता राहिला 200 रुपयांचा भाव, आणि तो शुल्काच्या आकड्यात शोधून सापडणार नाही. परदेशी बीचा सौदा ठरताना नमुना फोडला जातो, 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल ते मोजले जाते आणि दर त्यावर ठरतो. 48 पौंड, म्हणजे पावणेबावीस किलोच्या आसपास, निघाले तर उतारा, म्हणजे बीच्या वजनातला गराचा वाटा, सुमारे 27 टक्के होतो. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-4 या जातीचा उतारा 31 टक्के आहे. किलोमागे 40 ग्रॅम गर जास्त निघतो, आणि गर 700 रुपये किलो धरला तर त्याचे 28 रुपये होतात. हे 28 रुपये बागायतदाराच्या हाती येत नाहीत, कारण आपल्याकडे वेंगुर्ला-4 आणि रानातली गावठी बी एकाच पोत्यात भरली जाते, नीट वाळण्याआधी काट्यावर चढते आणि ‘ओली आहे’ म्हणून व्यापारी अंदाजाने घट धरतो. त्या घटीवर वाद घालायला बागायतदाराकडे ओलावा मोजण्याचे साधन नसते आणि कर्जाचा हप्ता जवळ आलेला असल्यामुळे थांबण्याची सोयही नसते.

राज्य सरकारने 2024 च्या हंगामासाठी किलोमागे 10 रुपये अनुदान दिले, त्याचे मी स्वागतच केले. पण तेवढ्याच कळकळीने मागायला हवे ते हे: प्रत्येक खरेदी केंद्रावर ओलावामापक असावा, विकणाऱ्यासमोर बी फोडून उतारा काढला जावा आणि तो पावतीवर लिहिला जावा, आणि वाळवलेली बी जूनपर्यंत ठेवून तिच्यावर उचल घेता येईल असे गोदाम तालुक्यात असावे. यातल्या एकाही गोष्टीसाठी दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.