स्विफ्टच्या भावात जर्मन गाडी: त्या मेसेजला माझं उत्तर

कापूस विकून हाती पैसा आला की आमच्या यवतमाळ भागात एक मेसेज हमखास फिरतो. ‘नव्या स्विफ्टच्या पैशात 10 वर्षं जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी घ्या. जर्मन इंजिन 5 लाख किलोमीटर बोलत नाही. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर बदलायचं नाही. कमी चाललेली गाडी म्हणजे सोनं. काम आता कुठलाही मिस्त्री करतो.’ माझ्या मामेभावाने हे वाचूनच दिल्लीची गाडी आणली. म्हणून मुद्द्यांवर बोलतो.

इंजिन आधी. बीएमडब्ल्यूच्या 520डी मध्ये बरीच वर्षं एन47 हे डिझेल इंजिन होतं. त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारी साखळी, मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. विशेषतः 2007 ते 2011 च्या इंजिनांत ही चेन झिजून तुटण्याच्या तक्रारी जगभर झाल्या. चेन बदलायची तर बहुतेक वेळा इंजिनच खाली उतरवावं लागतं. चालत्या गाडीत तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. सकाळी थंड इंजिन सुरू करताना मागून खरखर ऐकू आली, तर सौदा तिथेच सोडा. विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवत असेल तरीही सोडा.

गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं, हे बीएमडब्ल्यू म्हणते. पण 8 गिअरचा तो बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. जुन्या गाडीत ते बदलल्याचं बिल क्वचितच सापडतं.

‘कमी चाललेली’ याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. एक तर मीटर मागे फिरवता येतं. दुसरं, खरोखर कमी चाललेल्या डिझेल गाडीचाही त्रास असतो. धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर साफ व्हायला गाडी हायवेवर सलग पळावी लागते. आपण शेत ते गाव, गाव ते तालुका, 8-10 किलोमीटरच्या खेपा करतो. फिल्टर तुंबतो आणि गाडी जोर धरत नाही. उभ्या गाडीचं रबर आमच्या 45 अंशांच्या उन्हात तडकतं. हवेचं सस्पेंशन (स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे) असेल तर फुग्याला चीर पडते, हवा भरणारा कंप्रेसर सतत चालून जळतो, आणि सकाळी गाडी एका बाजूला बसलेली दिसते. मामेभावाची तशीच बसली. तो म्हणाला, “दारात उभी हाये, पण मायले दवाखान्यात न्याले शेजाऱ्याची बोलेरो बलावा लागते.” चार महिने ती शेडमध्ये होती.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त का, तेही मेसेज सांगत नाही. 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये बंदी घातली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली; 2025 मध्ये न्यायालयाने कारवाई बरीच सैल केली. विकणाऱ्याला घाई आहे, ती तुमच्या फायद्याची नाही. तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स आणि एमएच 29 (यवतमाळ) ची पासिंग हा खर्च किमतीत धरलाच जात नाही.

मिस्त्रीचं म्हणाल तर आमचे मिस्त्री बोलेरोचं इंजिन डोळे मिटून बांधतात. त्यांच्या हाताबद्दल शंका नाही. पण बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलली तरी तिची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरला द्यावी लागते. ती नोंद करणारं मशीन तालुक्याला नाही, नागपूरला आहे; यवतमाळहून साधारण 150 किलोमीटर. बऱ्याच बीएमडब्ल्यूत स्टेपनीही नसते. त्याऐवजी असलेला रनफ्लॅट टायर पंक्चर झाल्यावर ताशी 80 च्या वेगाने 80 किलोमीटरच्या आसपास जातो. बाभळीचा काटा लागला तर हिशोब करून पाहा.

आणि पार्ट. गाडीची किंमत 50 लाखांवरून 7 वर येते, पण तिच्या इंजेक्टरची (इंजिनात डिझेल फवारणारा पार्ट) येत नाही. तरीही मन लागलंच असेल तर पैसे देण्याआधी गाडी नागपुरात नेऊन पूर्ण स्कॅन करा, सगळी सर्व्हिस बिलं मागा, आणि पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचे किमान 2 लाख बाजूला काढा. ते काढता येत नसतील तर स्विफ्टच घ्या.