‘गळ्यात मारला’ हे वाचून, दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय काल रात्री शटर ओढताना मुलाने मोबाइलवर दाखवला. आधी माफी मागतो. आमच्याकडून नेलेल्या शॉर्टवेव्ह रेडिओवर, म्हणजे लांबच्या देशांतली स्टेशनं पकडणाऱ्या सेटवर, काही लागत नाही म्हणून तुम्ही शनिवारी फोन केलात, तेव्हा मी तुमच्याशी नीट बोललो नाही. काउंटरवर तीन गिऱ्हाइकं उभी होती आणि “भर दुपारी लावाल तर काय लागणार, कपाळ?” असं मी बोलून गेलो. तसं बोलायला नको होतं. तुम्ही पैसे मोजून वस्तू नेली होती, विचारायचा तुम्हाला हक्क होता. चूक माझी.

तुम्ही लिहिलंय की बंद पडलेलं जुनं मॉडेल नवं म्हणून दिलं, ऑनलाइनपेक्षा आठशे रुपये जास्त घेतले, घरी खरखरीशिवाय काही लागत नाही आणि दुकानदाराने ‘घाईघाईत गळ्यात मारला’. भावाचं एवढंच सांगतो की आमच्याकडे पक्की पावती मिळते आणि बिघडलेला सेट हातात घेऊन बघणारा माणूस मिळतो. त्याचे आठशे तुम्हाला जास्त वाटले असतील तर मी वाद घालत नाही.

जुन्या-नव्याचं मात्र तसं नाही. हे मॉडेल ‘नवीन आहे’ असं मी म्हणालोच नव्हतो, ‘परत आलंय’ असं म्हणालो होतो. मधे त्याचं उत्पादन थांबलं होतं आणि वापरलेल्या सेटलाही लोक नव्याचा भाव द्यायला तयार होते. सोनीने आयसीएफ-एसडब्ल्यू ७६०० जीआर हा त्यांचा शॉर्टवेव्ह सेट बंद केल्यापासून खिशापेक्षा जरा मोठा, एसएसबी (हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं बोलणं ऐकायची सोय) असलेला, परवडणारा सेट मागायला माणसं आमच्याकडे येतात आणि बऱ्याचदा रिकाम्या हाताने जातात. म्हणून तुम्ही नेलेलं हे मॉडेल परत आलं तेव्हा मी सहा पीस मागवले. दिसायला ते पहिल्यासारखंच आहे, कारण लोकांना तेच हवं होतं. तुमचा खोका सीलबंद होता आणि सील तुम्ही स्वतः घरी फोडलंत.

आता ‘गळ्यात मारला’. हे दोन शब्द मला रात्रभर टोचले.

लॅमिंग्टन रोडवर हे दुकान वडिलांनी १९७१ साली टाकलं. तेव्हा रेडिओ ऐकायलाही लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन पुस्तकावर फी भरावी लागायची. वडील व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे जुने सेट दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेला सेट गिऱ्हाइकाला लगेच द्यायचे नाहीत. एक अख्खी संध्याकाळ दुकानात वाजवायचे आणि मगच द्यायचे. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. तुम्हाला हे सगळं सांगायची गरज नव्हती, पण माल गळ्यात मारणारं दुकान इथे टिकत नाही. शेजारी शंभर दुकानं आहेत.

तुम्ही गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमारास आलात. ‘रविवारी बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे, ते तरुणपणी रेडिओ सिलोन आणि बीबीसी ऐकायचे, त्यांना शॉर्टवेव्ह हवाय,’ असं म्हणालात. मला ते मनापासून आवडलं. आणि तेव्हाच मी सांगितलं की बाबा जे शोधतील ते सगळं आता तिथे नाही. बीबीसीची हिंदी सेवा शॉर्टवेव्हवर ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली. त्यांची इंग्रजी सेवा अजून लागते, चीनची सरकारी सेवा फार जोरात येते, आखाती देशांतलं अरबी लागतं, पण हिंदीत रात्री साडेसातच्या बातम्या ऐकायची त्यांची जुनी सवय या सेटने परत येणार नाही. विकायचीच घाई असती तर मी हे बोललो असतो का?

पुढचं तुमच्या आठवणीतून गेलं असेल म्हणून लिहितो. दुकान इमारतीच्या आतल्या भागात आहे, आजूबाजूला दोनशे ट्यूबलाइट आणि तेवढेच चार्जर. तिथे शॉर्टवेव्ह लागतच नाही. म्हणून मी पुतण्याला गल्ल्यावर बसवून तुम्हाला गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून आपण २२ मीटर आणि १९ मीटरचे बँड (लहरींच्या लांबीवरून नाव पडलेले पट्टे) फिरवले, म्हणजे साधारण साडेतेरा ते पावणेसोळा मेगाहर्ट्झ. तीन स्टेशनं स्पष्ट लागली. तुम्ही स्वतः काटा फिरवलात. खाली येऊन मिडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावली आणि सेट मुद्दाम एलईडी बल्बजवळ नेला. आवाज कसा गुरगुरायला लागला ते तुम्ही ऐकलंत. “घरीही असंच होणार, आधी घर बघा,” हे माझे शब्द.

मग मी डेमोचा सेट पुढे केला. पाच हजार अनामत ठेवा, दोन रात्री घरी वाजवा, बाबांना आवडला तर सीलबंद पीस न्या, नाही आवडला तर अनामत परत. तुम्ही म्हणालात, “वापरलेला सेट वाढदिवसाला कसा देऊ? आणि परत एवढ्या लांब कोण येणार? आजच द्या, पाऊस यायच्या आत लोकल पकडायची आहे.” घाई होती साहेब, पण ती माझी नव्हती. पावणेचार वाजता पावती फाडली. तिच्यावर वेळ छापलेली आहे. सव्वा तास मी तुमच्याबरोबर होतो.

नंतर तुम्ही व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवलात. तो मी इथे टाकणार नाही, त्यात तुमच्या घरातली माणसं आहेत. पण त्यात काय दिसतं ते सांगायला हवं, कारण इतर वाचणारे सेट वाईट समजतील. सेट टीव्हीच्या शेजारी ठेवलाय. चार्जिंगची वायर लावलेलीच आहे. सेटवर आकडा ७३१० किलोहर्ट्झ आहे आणि मागे भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय.

७३१० म्हणजे ४१ मीटरचा बँड, तो रात्रीचा. दिवसा सूर्यामुळे वातावरणाच्या वरच्या भागात जो खालचा थर तयार होतो, तो या लहरी शोषून घेतो आणि लांबचं स्टेशन पोहोचतच नाही. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी त्याच्या वरच्या थरावर आपटून हजारो किलोमीटर लांब उतरतात. म्हणून दुपारी २२, १९ मीटरसारखे वरचे बँड, संध्याकाळनंतर ३१, ४१ आणि ४९ मीटर. हे मी पावतीच्या मागे पेनाने लिहून दिलं होतं. चार्जरचं म्हणाल तर, मोबाइलचा स्वस्त चार्जर हा शॉर्टवेव्हचा सगळ्यात मोठा शत्रू. त्यातून जी खरखर निघते ती थेट वायरीतून सेटमध्ये जाते. चार्जिंग काढा, बॅटरीवर लावा. टीव्ही, सेटटॉप बॉक्स, वायफायचा डबा, एलईडी ट्यूब, इन्व्हर्टर, यांच्यापासून लांब खिडकीशी बसा. तुमचं घर काँक्रीटच्या टॉवरमध्ये आहे, लोखंडाच्या जाळीत बसल्यासारखंच ते, म्हणून खिडकीचं महत्त्व. पाच-सहा मीटर साधी वायर खिडकीबाहेर सोडून तिचं टोक एरियलच्या दांडीला क्लिपने लावलं की जमीन-अस्मानाचा फरक पडतो. वीज कडाडत असेल तेव्हा मात्र ती वायर लगेच काढा. या दिवसांत वीज लांब कुठे पडली तरी सेटमध्ये कडकड ऐकू येते, तो बिघाड नाही.

दुसरे कोणी हा सेट घ्यावा की नाही या विचारात हे वाचत असतील तर त्यांनाही मी तेच सांगेन जे गुरुवारी सांगितलं होतं. फक्त एफएम आणि गाणी ऐकायची असतील तर यावर पैसे घालू नका, स्वस्त सेट पुरेल. गावाकडे घर असेल, किंवा रात्री गच्चीवर, गॅलरीत बसायची सोय असेल, तर घ्या, फार आनंद देतो. एसएसबीवर ७ मेगाहर्ट्झच्या आसपास रविवारी सकाळी हॅम मंडळींच्या गप्पा ऐकताना वेळ कळत नाही. पण आधी आपल्या घरी, आपल्या खिडकीत, रात्री आठनंतर ऐकून बघा. त्यासाठीच डेमोचा सेट ठेवलाय.

सील फोडलेला सेट आम्ही परत घेत नाही, पावतीवर तसं लिहिलेलं आहे. पण तुमच्यासाठी काय करता येईल ते समोर बसून बघू. डेमोचं नीट छापून काउंटरवर लावायचं आणि फोनवर बोलायला दुपारी कोणीतरी वेगळं ठेवायचं, हेही मनात आहे, करतो.

रविवारी आमचं दुकान बंद असतं. तुम्ही हो म्हणालात तर येत्या रविवारी संध्याकाळी मी स्वतः वायर आणि क्लिप घेऊन तुमच्या घरी येतो. पैसे घेणार नाही. बाबांच्या खिडकीत बसून आठ वाजता ३१ मीटर लावू. तेव्हाही काही लागलं नाही तर सेट मी तिथूनच उचलून आणेन.

दोन स्टार तसेच ठेवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त ‘गळ्यात मारला’ एवढं काढता आलं तर बघा.