मूल ‘वर्ग’ करण्याचे शास्त्र

अभिनंदन! बालकल्याणाच्या यंत्रणेत तुमची वर्णी लागली. बालकल्याण समितीवर लागली, जिल्हा बाल संरक्षण कक्षात लागली की पोलीस ठाण्यात, याला फारसा अर्थ नाही. कुठेही असलात तरी पहिल्याच आठवड्यात तुमच्या कानावर ‘समन्वय’ हा शब्द आदळणार आहे. दचकू नका. समन्वय म्हणजे एकमेकांना मदत करणे, असा एक गैरसमज बाहेरच्या लोकांत पसरलेला आहे. आत आल्यावर कळते की समन्वय म्हणजे पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीस्तव’ लिहून त्याखाली मावतील तेवढी कार्यालये मांडणे. जितक्या प्रती जास्त, तितका समन्वय घट्ट. आणि ज्याला प्रत गेली तो मोकळा, कारण त्याला फक्त माहिती हवी होती, ती मिळाली.

शिकण्यासाठी एक मूल घेऊ. उदाहरणापुरतेच, ताब्यात नाही. नऊ-दहा वर्षांचा मुलगा रेल्वेच्या फलाटावर सापडला आहे. नाव सांगतो, आडनाव सांगताना अडखळतो, आणि गाव विचारले की “नदीच्या पल्याड” म्हणतो. महाराष्ट्रात नद्या भरपूर, आणि प्रत्येक नदीला पल्याड आहे, त्यामुळे तुम्हाला पहिल्याच दिवशी चांगले प्रकरण मिळाले असे समजा.

सर्वांत आधी हद्द बघा. फलाटावर रेल्वे सुरक्षा बल असते, लोहमार्ग पोलीस असतात आणि जिना उतरले की शहर पोलीस. मुलगा नेमका कुठल्या पायरीवर बसला होता, हा प्रश्न शांतपणे विचारा. तिघेही त्यावर मनापासून चर्चा करतील. तोवर मुलाला चहा-बिस्कीट द्या. यंत्रणेत मुलाला जे काही पटकन मिळते, त्यात चहा-बिस्किटाचा पहिला नंबर लागतो.

बाल न्याय कायदा म्हणतो की असे मूल सापडल्यापासून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे, प्रवासाचा वेळ वगळून. घाई वाटते ना? वाटू देऊ नका. मूल ‘सापडले’ ते कधी? नोंद झाली तेव्हा. नोंद कधी होईल? हद्द ठरल्यावर. घड्याळ आपल्याच हातात आहे. शिवाय प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतोच, फक्त तो बंदोबस्ताला गेलेला असतो. आषाढीला वारीच्या, भाद्रपदात गणपतीच्या, मधल्या काळात मंत्र्यांच्या. मुलांशी गणवेशात बोलू नये असा नियम आहे, म्हणून असला तर तो टोपी काढून टेबलावर ठेवतो आणि मग विचारतो, “काय रे, पळून आलास का?”

आता समिती, म्हणजे अशा मुलाचे पुढे काय करायचे ते ठरवणारी. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला, महिन्यातून किमान २० दिवस बैठक, असे सारे कागदावर चोख आहे. मुलाला घेऊन कुणी आले तर ‘आज बैठक नाही’ हे तीन शब्द तोंडपाठ ठेवा. बैठक नसताना एकट्या सदस्यापुढेही मुलाला हजर करून बालगृहात ठेवता येते, अशी एक तरतूद कायद्यात आहे. ती ज्याला माहीत असेल त्याला शक्यतो प्रशिक्षणाला पाठवून द्या. समितीची मुदत तीन वर्षांची. ती संपून नवी नेमणूक रखडली की शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे अतिरिक्त कार्यभार जातो, आणि मग शंभर किलोमीटरवरचे पाच जण या जिल्ह्यातल्या मुलांचे भवितव्य ठरवायला आठवड्यातला एखादा वार काढतात. त्यांचे पेट्रोल कोण देणार, हा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर असतोच.

समितीपुढे मुलगा उभा राहिला की त्याला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावा. पोलिसांना सांगितलेले चालत नाही, ते पोलिसांचे झाले. फलाटावरच्या मदत केंद्रातल्या ताईने लिहून घेतलेलेही चालत नाही, तिचा नमुना वेगळा. समुपदेशकाला स्वतंत्र सांगावे लागते, कारण तिथे भावना हव्या असतात. वैद्यकीय तपासणीत डॉक्टर विचारतात, बालगृहात अधीक्षक विचारतात, रात्री काळजीवाहक विचारतो, आणि मग खोलीतली मुले विचारतात, तीच काय ती खरे ऐकण्यासाठी. पाचव्यांदा सांगताना मुलाच्या गोष्टीतून रडणे निघून जाते. सातव्यांदा ती इतकी सफाईदार होते की कुणीतरी शेरा मारते, ‘बालक पढवलेले वाटते.’

वयाचा पुरावा मागायला विसरू नका. दिसण्यावरून मूल स्पष्टच लहान असेल तर समितीने तसे नोंदवून पुढे जावे, असे कायद्यातच आहे. पण नऊ वर्षांचा मुलगा नऊ वर्षांचाच आहे, हे नुसते बघून ठरवणे फार धाडसाचे. उद्या तो चाळीसचा निघाला तर?

बालगृहात तो पोचला की शाळेचा प्रश्न येईल. मुख्याध्यापकांकडे शाळा सोडल्याचा दाखला मागण्याची परंपरा आहे. शिक्षण हक्क कायदा आला, दाखला नाही म्हणून प्रवेश अडवू नये असे त्यात लिहिले, वयानुसार वर्गात बसवा असेही लिहिले. मुख्याध्यापक हे सगळे मान्य करतात आणि म्हणतात, “बरोबर आहे, पण आधार नंबर टाकल्याशिवाय ऑनलाइन पुढं जात नाही हो.” यावर शिक्षण विभागाने महिला व बालविकास विभागाकडे, बालविकासने आधार केंद्राकडे आणि आधार केंद्राने पत्त्याच्या पुराव्याकडे बोट दाखवावे. पत्त्याचा पुरावा मुलाकडे आहेच, नदीच्या पल्याड.

इथवर तुम्ही नीट निभावलेत तर आता खरी परीक्षा, सामाजिक तपासणी अहवाल. मुलाच्या घरी जाऊन, शेजारीपाजारी बोलून, मूल का निघाले आणि परत पाठवले तर पुन्हा निघेल का, हे बघायचे असते. १५ दिवसांत अहवाल, त्यावरून चार महिन्यांत समितीचा निर्णय, असा हिशोब आहे. हे काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे. कक्ष म्हणजे काय विचारता? जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, संस्थात्मक काळजीचा एक संरक्षण अधिकारी, बिगर संस्थात्मक काळजीचा दुसरा, विधी तथा परिवीक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, लेखापाल, माहिती विश्लेषक, क्षेत्रीय कार्यकर्ते. नावे ऐकून सचिवालयच डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात दोन खोल्या, एक प्रिंटर आणि बहुतेक सगळे कंत्राटी. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एसटीने जायचे, शेवटचे सहा किलोमीटर कुणाच्या तरी मोटारसायकलवर, आणि प्रवासभत्ता तरतूद आली की. अशा माणसांकडून काम व्हावे अशी अपेक्षा असेल तर त्यांना रोज दुपारी तीनपर्यंत ‘तातडीची माहिती’ मागा. दर बुधवारी नवा नमुना पाठवा, जुन्याच आकड्यांचा, रकाने फक्त उलटे. गृहभेट आपोआप पुढच्या आठवड्यात जाते.

आणि हो, ‘निरंक’, म्हणजे कळवण्यासारखे काही नाही, हा शब्द शिकून घ्या. गावोगावच्या ग्राम बाल संरक्षण समितीकडून हाच शब्द दर महिन्याला येतो. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, पोलीस पाटील, मुख्याध्यापक सगळे सदस्य. सेविकेकडे आधीच पोषण आहार, वजने, मोबाइलवरची नोंदणी, सर्वेक्षणे. त्यात ही एक वही. गावात बालविवाह ठरला की मांडव सगळ्यांना दिसतो, फक्त समितीला दिसत नाही. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक नेमलेले आहेत, आणि मुलीचा बाप त्यांच्याकडेच घरपट्टी भरतो. मुलगी शाळेतून उठली, हळदीचा मुहूर्त निघाला, आमंत्रण सरपंचालाही गेले, त्या महिन्याचा अहवाल: निरंक. तुम्ही वर हा शब्द बेरीज करून पाठवायचा. निरंक अधिक निरंक, जिल्हा निरंक.

थोडे त्या बाईविषयी, जी तुमच्या दारात नेहमी उभी असेल. नवरा गेलेला, दोन मुले, धुणीभांडी. तिला कुणीतरी सांगितले आहे की मूल बालगृहात ठेवायची गरज नाही, घरीच ठेवा, सरकार पैसे देते. ते खरेही आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. २०२१ पर्यंत ४२५ होते, मग ११००, मग २,२५०, म्हणजे महागाई सरकारलाही कळते, फक्त उशिरा. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे ४,००० आहेत, पण त्यासाठी ग्रामीण भागात वर्षाचे उत्पन्न ७२,००० च्या आत हवे, म्हणजे महिन्याला सहा हजार. दोन्हींपैकी काय मिळेल, हे तिला एका टेबलावर सांगू नका. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवावे आणि दुसऱ्याने विचारावे, “कोणतं वात्सल्य? राज्याचं की केंद्राचं?” प्रश्न अवघड आहे, कारण करोनात नवरे गेलेल्या बायकांसाठी राज्यानेही २०२१ मध्ये मिशन वात्सल्य काढले होते. एवढे वात्सल्य असताना बाईने गोंधळावे, हा तिचाच दोष.

कागद मात्र सगळे घ्या. मृत्यू दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचा बोनाफाइड, पासबुक, आणि मुलासह घरासमोर उभे राहून काढलेला फोटो. हा फोटो फार महत्त्वाचा. भाड्याच्या खोलीतली बाई घरमालकाच्या दारापुढे उभी राहते, मुलाचे केस पाण्याने चापून बसवते आणि शेजारच्या पोराला म्हणते, “दार दिसू दे रं नीट.” पुढे समितीचा आदेश झाला की पैसे येईपर्यंत मूल एक इयत्ता पुढे गेलेले असते. मग बोनाफाइड जुना झाला म्हणून नवा मागावा.

बैठकांबद्दल जास्त सांगत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होतात. बाल न्याय कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाल्यापासून बालकल्याणाची सगळी सूत्रे त्यांच्याकडे, दत्तकाचे आदेशही त्यांच्याकडे. त्यांच्याकडे निवडणूक, पूर, वाळू, पीकविमा आणि कांदाही आहे. मुलांचा विषय ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात छान बसतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर समन्वय करणेही सोपे आहे. कुणी ‘सदर बालकास तातडीने संस्था मिळावी’ असे टाकले की नऊ अंगठे, चार हात जोडलेले आणि एक ‘सुप्रभात’ येतो.

मुलांचा प्रत्यक्ष सहवास हवाच असेल तर नोव्हेंबर आहे. बालदिन, बाल हक्क सप्ताह, चाचा नेहरू बाल महोत्सव, रनिंग, लिंबू-चमचा. एरवीही पाहुणे येतात. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या आईचे वर्षश्राद्ध. मुले रांगेत बसतात, केक कापणारा बाहेरचा असतो आणि ‘हॅपी बर्थडे’ म्हणणारी आतली. मुलांची ओळख उघड करू नये हा कायदा आहे, म्हणून पेपरात मुलांचे चेहरे धूसर आणि केळी वाटणाऱ्याचा चेहरा स्वच्छ छापला जातो. आतल्या एखाद्याने अठरा पूर्ण केली की त्या दिवशी मात्र केक आणू नका. त्याच्या हातात ट्रंक असते. २१ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे, हे त्याला ट्रंक उचलण्याआधी सांगायचे की नंतर, यावर अजून मार्गदर्शन मागवलेले आहे.

सगळे असे सुरळीत चाललेले असताना एक धोका मात्र ओळखून ठेवा. तुमच्या कक्षात एखादी क्षेत्रीय कार्यकर्ती अशी निघते, जी नियमाने चालत नाही. कंत्राट मार्चमध्ये संपणार, गेल्या दोन महिन्यांचे मानधन अडकलेले, तरी ती मुलाशेजारी जमिनीवर बसते आणि गाव न विचारता विचारते, “तुमच्याकडं बाजार कुठल्या वारी भरतो रे?” मुलगा म्हणतो, शनिवारी. “आणि जत्रा?” तो देवाचे नाव सांगतो, पालखी कुठून निघते ते सांगतो, घाटावरचा मोडका पूल सांगतो, मामाचे ट्रॅक्टर सांगतो. ही बाई तिथूनच दुसऱ्या जिल्ह्यातल्या आपल्यासारख्याच एका कंत्राटी बाईला फोन लावते. दोघी कधीतरी एका प्रशिक्षणात एकाच खाटेवर झोपल्या होत्या, एवढीच ओळख. ती तिथल्या पर्यवेक्षिकेला, पर्यवेक्षिका अंगणवाडी सेविकेला, आणि सेविका ओट्यावरूनच हाक मारते, “अगं, तुमच्या बारक्याचा काही पत्ता?” पावणेचारला मामाचा फोन येतो. मुलगा फोनवर काही बोलत नाही, नुसता कानाला धरून बसतो. आणि ती मामाला म्हणते, “इतक्यात न्यायला येऊ नका दादा. तो का निघाला ते आधी मला कळू द्या. उद्या मीच येते घरी.”

ना पत्र, ना प्रत, ना हद्दीचा प्रश्न, ना वरिष्ठांची पूर्वपरवानगी. असे दोन-चार जण जिल्ह्यात झाले तर समन्वयाचे काय होईल, कल्पना करा. तिला लगेच केबिनमध्ये बोलवा, आणि सगळ्यांत आधी त्या फोनचा जावक क्रमांक विचारा.