लाडूच्या कानातले केस

चार दिवसांनी पावसाने उघडीप दिली आणि ठाण्यातला आमचा कट्टा काल संध्याकाळी भरला. मंद्या लाडूला घेऊनच आला. लाडू म्हणजे त्याचा अडीच वर्षांचा, शिह त्झू जातीचा कुत्रा. दुपारीच ग्रूमिंग झालेलं, अंगाला शाम्पूचा वास, डोक्यावर छोटीशी शेंडी. पण स्वारी एका जागी ठरेना. घटकाभर बसायचा, मग मान झटकायचा आणि मागच्या पायाने उजवा कान खराखरा खाजवायचा.

"कानातले केस उपटलेत आज," मंद्या म्हणाला. "पहिला दिवस असं करतो, उद्या विसरतो."

"दर वेळी उपटतात?" मी विचारलं.

"दर महिन्याला. पॅकेजमध्येच असतं."

मला गप्प बसवेना. माझ्या राणीच्या कानांनी मला तीन वर्षं रडवलंय. ती ल्हासा अप्सो. तिचेही केस दर महिन्याला उपटले जायचे आणि दर पावसाळ्यात कान लाल, आंबूस वास, आत तपकिरी चिकट मळ. मी औषध घालायचे, बरं वाटलं की पुन्हा ग्रूमिंगला न्यायचे. "तुझ्या लाडूचं तसं होऊ देऊ नकोस," मी म्हणाले. "कान चांगला असेल तर आतल्या केसांना हात लावायचा नाही."

"अगं, पण केसांमुळेच तर मळ साठतो! हवा जात नाही आत."

मंद्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, म्हणून शीतलने मध्ये तोंड घातलं. शीतल सहा वर्षं ग्रूमर आहे, तिच्या हाताखालून रोज चार-पाच कुत्री जातात. "आम्हाला शिकवलंच तसं," ती म्हणाली. "पूडल, शिह त्झू, श्नाउझर टेबलावर आला की नखं, कान, मग अंघोळ. कानात पावडर टाकायची, म्हणजे केस बोटातून निसटत नाही. पुढचे चिमटीने काढायचे, आतले आर्टरी म्हणतात त्या लांब चिमट्याने. थोडे थोडे काढले तर कुत्रं सहन करतं. घाईत पुंजका ओढला की कळवळतं." हे सांगताना तिने अंगठा आणि तर्जनी अशी जुळवली, की मला राणीचं अंग चोरून बसणं आठवलं.

"आमच्याकडे जतला कारवानी कुत्री होती," बापूकाका म्हणाले. "कुणी त्यांच्या कानात बोट घातलं नाही. दहा-बारा वर्षं जगली, धडधाकट."

"काका, तुमच्या कारवानीच्या कानाच्या नळीत असा केसांचा गुंताच नसतो," शीतल म्हणाली. "पूडलचे केस वाढतच राहतात, फारसे गळून पडत नाहीत. कानातही तेच. ही तुलना नाही चालायची." काकांनी मान डोलावली.

मग मी राणीच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलेलं चित्र बोटाने हवेत काढलं. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ आत जात नाही. आधी खाली उतरते, मग काटकोनात आत पडद्याकडे वळते, एल अक्षरासारखी. आतली कातडी पडद्याकडून बाहेर हळूहळू सरकत असते आणि मळ स्वतःच बाहेर आणते. केस उपटला की त्याच्या मुळाशी कातडी दुखावते, सुजते, बारीक लस पाझरते. उबदार, दमट, अंधारी जागा आणि वर ही लस. जंतूंना आणि यीस्ट नावाच्या बुरशीला आणखी काय हवं? राणीच्या कानातला मळ काचपट्टीवर घेऊन डॉक्टरांनी मला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं होतं. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, मध्ये चिमटलेल्या यीस्टच्या पेशींची नुसती गर्दी. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

"म्हणजे सगळा दोष उपटण्याचा?" मंद्या चिडला होता.

"नाही. राणीला मुळात अ‍ॅलर्जी होती. पंजे चाटायची, पोट खाजवायची, कान हा त्याचाच भाग होता. मी मात्र तीन वर्षं केसांच्या मागे लागले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आणि हे बघ, बी विंगमधल्या लॅब्रॅडॉरच्या कानाच्या नळीत असले केस नाहीत, तरी दर पावसाळ्यात त्याचे कान वाहतातच ना? लोंबते कान, पाण्यात डुंबणं, अ‍ॅलर्जी. केस नसले म्हणून तो वाचला का?"

यावर शीतलने जे सांगितलं, तिथे मला माझं म्हणणं थोडं आवरावं लागलं. तिच्याकडे येणाऱ्या एका पूडलच्या कानात केस आणि मळ यांचा असा बोळा झाला होता, की औषधाचा थेंब आत जाईना. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन तो काढला, पडदा शाबूत आहे हे बघितलं आणि मगच औषध सुरू केलं. त्या कुत्र्याचे केस अधूनमधून काढावेच लागतात. म्हणजे उपटणं हा उपचार आहे, आणि तो कुणाला हवा हे कान बघून ठरतं. नखं कापण्यासारखा सगळ्यांना सरसकट करायचा प्रकार नाही. माझा आक्षेप पॅकेजमधल्या त्या ओळीवर आहे.

"मग तू का उपटतेस?" बापूकाकांनी शीतलला थेट विचारलं.

"गिऱ्हाईक मागतं, काका. केस दिसले की म्हणतात, कान साफ केलेच नाहीत." थोडं थांबून ती म्हणाली, "पण लाल कान असला तर मी हात लावत नाही. आणि आता चांगल्या कानाचेही नाही काढणार. कानाच्या तोंडाशी आलेले केस आणि पाळीच्या आतल्या बाजूचे केस बोथट कात्रीने बारीक केले तरी हवा खेळते. अंघोळीच्या वेळी कापूस लावायचा, नंतर कान कोरडा करायचा. पण इअरबड नको, त्याने मळ आणखी खाली जातो, त्या वळणापर्यंत."

"माझी बायको तर खोबरेल घालते," मंद्या पुटपुटला. "बंद कर," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

शीतलने लाडूला मांडीवर घेतलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि उजवा कान हळूच उलटा केला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. कानाच्या तोंडाशी गुलाबी कातडीवर लाल टिपके, मुरमाच्या पुटकुळ्यांसारखे, केस जिथून निघाले नेमके तिथेच. एका टिपक्यावर ओलसर चकाकी. डावा कान त्यामानाने बरा होता. लाडूने शीतलचा हात चाटला आणि पुन्हा मान झटकली.

मंद्या बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने फोन काढला, डॉक्टरांची सकाळची दहाची वेळ घेतली. "तोवर काही घालू का?" "काहीच नको," मी म्हणाले. "पडदा बघितल्याशिवाय कानात काहीही घालायचं नाही, मागच्या वेळचे उरलेले ड्रॉप्ससुद्धा." त्याने ग्रूमिंगवाल्याला तिथेच बसून मेसेज लिहिला आणि आम्हाला वाचून दाखवला: पुढच्या वेळेपासून लाडूच्या कानाच्या आतले केस डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काढू नका.

"'कृपया' लिही," बापूकाका म्हणाले. त्याने लिहिलं आणि पाठवून दिला.