बूच असलेली वाईन भारी, कॅनमधली हलकी? साफ चूक

वाईनची नुकतीच ओळख होऊ लागलेल्या मुलामुलींच्या ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो. बूच असेल ती वाईन अस्सल, फिरकीचं झाकण असेल ती स्वस्तातली. बाटली जितकी जड आणि तळाचा खड्डा जितका खोल, तितका माल उंची. कॅनमधली वाईन म्हणजे सरबताची बहीण, हलकीफुलकी. मी नाशिकजवळच्या एका वाईनरीत पाहुण्यांना वाईन चाखवतो, त्यामुळे हे सगळं रोज कानावर पडतं. यातलं एकही विधान टिकत नाही, आणि शेवटचं तर घातक आहे.

आधी बूच. एका जातीच्या ओक झाडाची ही साल. जगातलं साधारण निम्मं बूच पोर्तुगालमधून येतं आणि एका झाडाची साल नऊ वर्षांतून एकदाच काढतात. वस्तू सुंदर आहे, वादच नाही. पण याच सालीतून कधीकधी ट्रायक्लोरोअनिसोल नावाचं रसायन वाईनमध्ये उतरतं. लाख कोटी भागांत त्याचे चार-पाच भाग असले तरी वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास मारतो. या त्रासाला कंटाळून ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या उत्पादकांनी २००० साली आपली रीसलिंग ही पांढरी वाईन फिरकीच्या झाकणात भरली. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडच्या उत्पादकांनी त्यासाठी मोहीम उघडली, आणि आज तिथली बहुतेक वाईन, महागडीसुद्धा, अशीच येते. आपल्याकडे तर दुकानात बाटल्या उकाड्यात महिनोन्‌महिने उभ्या असतात. उभ्या बाटलीतलं बूच सुकून आकसू शकतं. मग ताजी असतानाच प्यायच्या पांढऱ्या वाईनला कुठलं झाकण बरं, तुम्हीच सांगा.

तरीही झाकण फिरवल्याचा ‘कट्’ आवाज झाला की चेहरे पडतात. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून चौघांचा ग्रुप आला होता. मी बाटली उघडली, तेविशीतली एक मुलगी मैत्रिणीला हळूच म्हणाली, “ही साधीच असणार.” पेला अजून नाकाशीही गेला नव्हता. चाखून तिने खांदे उडवले. थोड्या वेळाने तीच वाईन मी आतून काचेच्या सुरईत ओतून आणली. “ही मस्त आहे, ही कुठली?” तिनेच विचारलं.

यात तिचं काही चुकलं असं मला मुळीच वाटत नाही. फ्रान्समध्ये बोर्दो इथे फ्रेडरिक ब्रोशे या संशोधकांनी एकच मध्यम दर्जाची वाईन दोन बाटल्यांतून दिली होती. एकीवर साध्या टेबल वाईनचं लेबल होतं, दुसरीवर ‘ग्रां क्रू’ या मानाच्या दर्जाचं. चाखणाऱ्यांनी एकीला कमजोर ठरवलं आणि दुसरीचे गोडवे गायले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात २० जणांना एकच वाईन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. महाग सांगितल्यावर ती जास्त आवडली, आणि मेंदूतला सुखाची नोंद घेणारा भागही जास्त उजळला. म्हणजे आवड खरीच होती, फक्त ती वाईनमधून आली नव्हती. ‘आम्हाला चव कळते, आम्ही पॅकिंगला भुलत नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

जड बाटलीचं उत्तर छोटं आहे. शॅम्पेनच्या बाटलीत हवेच्या पाच-सहा पट दाब असतो, म्हणून तिला जाड काच आणि खोल तळ लागतो. साध्या वाईनमध्ये तसा दाबच नाही. रिकामी बाटली ४०० ग्रॅमची असो की ९०० ग्रॅमची, आत वाईन ७५० मिलीच मावते. जास्तीच्या काचेचे आणि तिच्या वाहतुकीचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.

आता कॅन. कॅनमध्ये भरल्याने वाईनचा दर्जा घसरत नाही. उजेड आत जात नाही, हवा जात नाही, सहलीला काच फुटायची भीती नाही. माझी तक्रार ‘हलकी’ या शब्दाशी आहे. चकचकीत रंगांचा गार कॅन हातात आला की माणूस तो बिअरच्या वेगाने पितो. जरा हिशेब करू. २५० मिलीच्या कॅनमध्ये १२ टक्क्यांची वाईन असेल तर शुद्ध अल्कोहोल झालं ३० मिली. पाच टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये ते साडेसोळा मिली असतं. म्हणजे तो इवलासा कॅन जवळजवळ दोन बिअरच्या बरोबरीचा. शिवाय बाटली झाकण लावून उद्यावर ठेवता येते, उघडलेला कॅन तिथेच संपवला जातो. आणि मग कुणीतरी दुचाकीची किल्ली फिरवत म्हणतं, “अरे, एकच तर होता.”

टक्केवारी लेबलवर छापलेली असतेच, बहुतेकदा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. माझ्या टेबलाशी येणाऱ्यांना मी बाटली असो की कॅन, आधी उलटा फिरवून तो आकडा मोठ्याने वाचायला लावतो. त्यानंतरच पेला भरतो.