परिशिष्टात बघा

मिशी जाऊन आज चार दिवस झाले. चहा पिऊन झाला की बोट अजून सवयीने वरच्या ओठावरून फिरतं आणि हात हलवत परत येतं. सोमवारी ऑफिसात तिघांनी खालच्या आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" आपल्याकडे पुरुषाने एकाएकी मिशी उतरवली की त्याचा एकच अर्थ होतो. वडील खणखणीत आहेत. त्यांनी मला दारात पाहिलं, "मी आहे अजून," एवढंच म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. तो अजून खाली आलेला नाही.

हे सगळं झालं 'रिंग्ज ऑफ पॉवर'मुळे, टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ह्या कादंबरीआधीची गोष्ट सांगणाऱ्या मालिकेमुळे. म्हणजे मालिकेचा तसा दोष नाही, ती बिचारी भिंतीवर चालू होती. दोष तिच्याबद्दल बोलणाऱ्यांचा.

रविवारी सकाळी दाढीला गेलो. संतोष मूळचा कराडकडचा, हात हलका. चादर गळ्याशी आवळली, फेस लागला, वस्तऱ्यात नवं ब्लेड पडलं. दुकानातल्या पोऱ्याने टीव्हीवर हिंदीत डब केलेला भाग लावला होता. पडद्यावर एलरॉन्ड आला, टोकदार कानांच्या एल्फ जमातीतला.

"कट बघा ह्याचा," संतोष म्हणाला. "बाजूनं बारीक, वर जरा फुगा. पोरं हाच मागत्यात."

"तो कट चुकीचा आहे," बाकावरून आवाज आला.

आरशात पाहिलं. पंचेचाळिशीचे गृहस्थ, थ्री-फोर्थ, चष्मा डोक्यावर. त्यांचा नंबर माझ्याआधीचा होता, हे मला नंतर कळलं. स्वतःचा नंबर सोडून ते बोलायला थांबले होते. रविवारी सकाळी, डोंबिवलीत, सलूनमधला नंबर सोडणारा माणूस! मी तेव्हाच चादर काढून पळायला हवं होतं.

"चुकीचा कसा?" संतोषचा वस्तरा माझ्या गालापासून चार बोटांवर थांबला. "मी सोता मारतो तो."

"एल्फांचे केस लांब असतात. सिनेमात बघा. सरळ, खांद्याखाली. ते काढणाऱ्या पीटर जॅक्सनने अभ्यास केला होता. ह्यांनी सगळ्यांना सलूनमध्ये पाठवलं."

'सलूनमध्ये पाठवलं' हा आक्षेप सलूनमध्ये बसून घेतला जात होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं. (घरी येऊन मी शोधलं. टोल्किनने काही एल्फांचे केस लांब लिहिलेत हे खरं, पण सगळ्यांनीच शाम्पूच्या जाहिरातीसारखे मोकळे सोडावेत असा दंडक मला तरी सापडला नाही. तो बहुधा सिनेमाच्या विगवाल्यांचा.)

मग ते एल्फांतल्या गॅलाड्रिएलच्या केसांवर आले. तिच्या सोनेरी केसांपायी फेआनोर नावाचा थोर कारागीर तीनदा याचना करायला गेला आणि तिने त्याला एक केससुद्धा दिला नाही. पुढे हजारो वर्षांनी गिमली नावाच्या ड्वार्फने, म्हणजे बुटक्या दाढीवाल्या जमातीतल्या एकाने, एकच मागितला, तर तिने तीन दिले. गोष्ट खरंच सुंदर आहे, आणि त्यांनी ती सांगितलीही डोळ्यांत पाणी आणून.

संतोषने खाली पाहिलं. फरशीवर सकाळपासूनचा ढीग होता. "तीन?" तो म्हणाला. "इथं संध्याकाळपर्यंत पोतं भरतंय. न्या म्हणावं."

"मालिकेत आहे हे?" मी फेसातून विचारलं.

"कसं असेल? हक्कच नाहीत! फेआनोरचा भाग वेगळ्या पुस्तकात. कंपनीने २०१७ साली पंचवीसेक कोटी डॉलर मोजले, पण 'सिल्मरिलियन' हे पुस्तक मिळालंच नाही. मालिका घडते त्या दुसऱ्या युगासाठी हातात काय? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या शेवटची परिशिष्टं!"

"परिशिष्ट म्हणजे?"

"पुस्तकाच्या शेवटी असतं ते. सनावळ्या, वंशावळी, कोण कुणाचा कोण."

"म्हणजे सातबारा."

गृहस्थ क्षणभर अडखळले. "तसं म्हणा."

"आणि नुसत्या सातबाऱ्याला पंचवीस कोटी डॉलर? आमच्या गावाला या म्हणावं. चुलत्याच्या सातबाऱ्यावर चार सीझन निघतील. तीन पिढ्यांचे फेरफार हायेत, एक खून बी हाय."

इथून पुढे मी त्यांना मनातल्या मनात परिशिष्टराव म्हणू लागलो, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "परिशिष्टात बघा" येत होतं. कुठल्या? तर पुस्तकाला सहा आहेत, ए ते एफ. दुसरं युग ३४४१ वर्षांचं, ते ह्यांनी एका दमात कोंबलं, परिशिष्टात बघा. अंगठ्या घडवणारा एल्फ केलेब्रिम्बोर मेल्यावर दीड हजार वर्षांनी इसिल्दुर नावाचा माणूस जन्मतो, आणि इथे दोघं एकाच वेळी जिवंत, परिशिष्टात बघा.

"मालिकेत तसंच असतंय," संतोषने समजूत घातली. "आमच्या हिच्या मालिकेत पोरगं सोमवारी जन्मलं, शुक्रवारी कॉलेजात गेलं."

"आणि ओर्क राक्षसांच्या म्होरक्याचा, अदारचा, नट दुसऱ्या सीझनला बदलला, ते तरी कळलं का तुम्हाला?"

"केस तेच होते की," संतोष म्हणाला. माझ्या डाव्या गालावरचा फेस तोवर वाळून पापड झाला होता.

माझी आणि सिनेमाची ओळख मात्र जुनी. कॉलेजात असताना तिन्ही भाग थिएटरात पाहिले. तिसरा, तो ११ ऑस्करवाला, संपता संपेना. अंगठी जळली, लोक उठले. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, लोक बसले. राज्याभिषेक झाला, लोक उठले. पुन्हा बसले. आमच्या मागच्या रांगेतला एक जण बाइक पार्किंगमधून लवकर काढायची म्हणून तीन वेळा दारापर्यंत जाऊन तीन वेळा परत आला. नायक फ्रोडोने जहाजावर पाय ठेवला तेव्हा तो उभ्या उभ्याच रडत होता, हातात हेल्मेट. तसं सिनेमा बघणं पुन्हा झालं नाही. तेव्हा हसलो होतो त्याला. आता मालिकेचे भाग मी मोबाइलवर, जेवताना, एका कानात इअरफोन घालून बघतो आणि वर म्हणतो की पूर्वीसारखी मजा नाही.

बाकावर तिसरा एक जण होता, विशीतला, तोंडाला कसलासा काळा लेप लावून बसलेला. भिंतीवरच्या दरपत्रकात त्याला 'डी-टॅन' म्हणतात. लेप न हलवता, ओठांच्या कडेने तो म्हणाला, "बाकी जाऊ दे, पण एल्फ काळा कसा काय दाखवला?"

हे ऐकलं आणि मला हसू आलं नाही. आपण वर्णाने कोण, बसलोय कुठे, तोंडाला फासलंय काय, आणि चीड कशाची? तर ज्याचं अख्खं जग एका इंग्रज प्राध्यापकाने बसून बनवलं त्या एल्फाच्या कातडीची. अरोन्दिर ह्या एल्फाचं काम करणाऱ्या नटाला ह्यावरून काय काय ऐकावं लागलं. शेवटी सिनेमात बुटके हॉबिट झालेल्या चौघा नटांनी नाना रंगांच्या कानांची चित्रं अंगावर मिरवून त्याची बाजू घेतली. परिशिष्टरावांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. त्यांनी त्या मुलाकडे पाहिलं, म्हणाले, "तो मुद्दा नाही हो," आणि त्याच्याकडे पाठ केली. दिवसभरात ते मला आवडले ते तेवढ्यापुरतेच.

संतोषचा प्रश्न वेगळाच होता. "हा व्हिलन सॉरॉन अंगठ्या वाटत कशाला फिरतो?"

"भेटी देतो. चांगलं होईल म्हणून सांगतो, म्हणून लोक घेतात. सात ड्वार्फांना, नऊ माणसांना, एल्फांच्या तीन वेगळ्या. मागून स्वतःची एक, सगळ्यांवर हुकूम चालवणारी."

"म्हणजे ज्योतिषीच की." संतोषने उजवा हात पुढे केला. तर्जनीत पुष्कराज होता. "मला बी दिलीय एकानं. गुरुवारी घातली, कच्च्या दुधात धुऊन. सहा वर्षं झाली."

"गुण आला?"

"कसला गुण! गाळ्याचं भाडं वाढलं."

"मग काढून टाका ना."

संतोष अंगठीकडे बघत राहिला. अंगठ्याने तिला जरा फिरवलं, पण काढली नाही. "भ्या वाटतं," तो म्हणाला.

दुकानात दोन मिनिटं कुणी बोललं नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथाचं सार कराडच्या न्हाव्याने दोन शब्दांत सांगितलं होतं. शहाण्या माणसाने तिथे उठून घरी जावं. परिशिष्टरावांनी घसा साफ केला आणि ड्वार्फांच्या बायकांना दाढी असते हा विषय काढला.

असते, म्हणजे तसं मानलं जातं. ड्वार्फ बायका दिसायला, बोलायला पुरुषांसारख्याच, परक्याला फरक कळत नाही, परिशिष्टात बघा. सिनेमात गिमली तेच सांगतो आणि मागून अॅरागॉर्न हळूच दाढीची खूण करतो. मालिकेतली राजकन्या डिसा गुळगुळीत. परिशिष्टरावांना हा स्वतःच्या घराण्याचा अपमान वाटत होता. "जॅक्सनने मूळ सोडलं नाही," ते म्हणाले. "एक अक्षर सोडलं नाही."

आता हे मात्र फार झालं. मी हळूच म्हटलं, "पुस्तकातला टॉम बॉम्बाडिल?"

"तो वगळला होता. तेव्हा आम्ही भांडलो होतो जॅक्सनवर."

"मालिकेत आहे की."

"आहे, पण रूणच्या वाळवंटात! तिथे त्याचं काय काम?"

नव्हता तेव्हा नव्हता म्हणून भांडण, आहे तर पत्ता चुकला म्हणून भांडण! सिनेमावाल्यांनी पुस्तकातल्या ग्लॉरफिन्डेलचा घोडा काढून आर्वेनला दिला, हेल्म्स डीपच्या लढाईत नसलेले एल्फ आणून उभे केले, ते सगळं वीसेक वर्षांत 'मूळ' होऊन बसलं. मालिकासुद्धा बसेल. वीस वर्षांनी आजचा लेपवाला पोरगा कुणाला तरी दटावेल की डिसा कशी गुळगुळीत होती, तुम्ही उगाच दाढ्या चिकटवल्यात.

हे सगळं मला बोलायचं होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुम्ही पुस्तक वाचलंय का?"

ह्या प्रश्नाचा मला जुना राग आहे. नाटक आवडलं म्हणावं तर कुणीतरी विचारतं, "मूळ संचातलं पाहिलंय का?" मिसळ बरी वाटली तर, "ह्याचे वडील बसायचे तेव्हा खाल्लीय का?" आपण जिथे जाऊ तिथे गाडी नुकतीच सुटलेली असते आणि ती पकडलेला एक जण फलाटावर मुद्दाम आपल्यासाठी थांबलेला असतो.

खरं सांगायचं तर मी पुस्तक चार वेळा सुरू केलंय आणि चारही वेळा एलरॉन्डच्या सभेपाशी थांबलोय. ती सभा आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखी चालते. फरक इतकाच की तिथे शेवटी कुणीतरी काम अंगावर घेतं. आणि आणखी खरं सांगायचं तर मालिका मलाही आवडलेली नाही. ते हारफूट नावाचे बुटके चालायला लागले की मला डुलकी लागते. पहिल्या सीझनच्या आठांतले दोन भाग मी झोपेत पाहिलेत. पण त्या माणसासमोर ते कबूल करणं शक्य नव्हतं. मी मान फिरवली, छाती भरून घेतली आणि म्हणालो, "सिनेमापेक्षा मालिकाच—"

वस्तरा तेव्हा मिशीच्या डाव्या टोकाशी होता.

रक्त आलं नाही. पाव इंच मिशी गेली. संतोषने जीभ चावली, आरशात बघितलं, "लेव्हल करतो," म्हणाला. उजवीकडून पाव इंच काढली. मग डावीकडची जरा जास्त वाटली. तीही काढली. असं करत करत नाकाखाली एक चौकोनी तुकडा उरला. तो बघून पोऱ्या मोरीकडे तोंड करून हसायला लागला. असला तुकडा जगात दोघांनीच मिरवला, त्यातला एक विनोदी नट होता. मी म्हटलं, काढ.

तुरटी फिरवताना संतोष ओशाळून म्हणाला, "मिशीचे लावत नाही साहेब."

परिशिष्टराव उठून जवळ आले. मला वाटलं, माफी मागतील. त्यांनी माझा चेहरा नीट न्याहाळला आणि म्हणाले, "टोल्किनने लिहिलंय, बिनदाढीचा ड्वार्फ कुणी कधी पाहिलेला नाही. कुणी थट्टेने भादरला असेल तर सोडून. आणि मग तो शरमेनेच मरायचा."

"परिशिष्टात?" मी विचारलं.

"नाही, ते अकराव्या खंडात."

घरी आलो. बायको गॅसपाशी होती. तिने वळून पाहिलं, दूध उतू गेलं तरी बघतच राहिली. "आधीचंच बरं होतं," म्हणाली.

आता माझ्यातही तो बाकावरचा माणूस शिरला होता. मी कपाटातून लग्नाचा अल्बम काढला, ओट्यावर उघडला. "हे बघ. लग्नात मिशी नव्हती. ती नंतर ठेवली. म्हणजे मुळात मिशी नाहीच. हे आत्ताचं जे आहे ना, तेच मुळाला धरून आहे."

तिने फोटो पाहिला. माझ्याकडे पाहिलं. फडक्याने दूध पुसत म्हणाली, "मग मधलं बरं होतं."