जिप्सी नव्हेत, सावत्र बाप

‘व्हिक्टोरियन रहस्यकथांत धोका बाहेरून येतो. जिप्सी, परदेशी, वसाहतीतली माणसं गुन्हेगार आणि इंग्रजांचं घर सुरक्षित’, हे विधान सध्या बरंच फिरतंय. लंडनच्या स्ट्रँड मासिकात १८९१ ते १८९३ या काळात आलेल्या, आर्थर कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्सच्या २४ कथा मुळातून वाचल्या की ते टिकत नाही. (पुढे शेवट उघड केले आहेत.)

जिप्सी गुन्हेगार ठरतात, हा पहिला मुद्दा. ‘द स्पेकल्ड बँड’मध्ये (१८९२) जिप्सींचा तळ घराच्या आवारातच आहे. ‘बँड’ म्हणजे पट्टा आणि टोळीही. त्यामुळे घरातली मुलगी ज्यूलिया मरताना ‘स्पेकल्ड बँड’ (ठिपक्यांचा बँड) म्हणते, तेव्हा संशय तळाकडे जातो. होम्सही आधी तिकडेच वळतो आणि आपण चुकलो हे नंतर कबूल करतो. खरा पुरावा खोलीत आहे: घंटेला न जोडलेला दोर, बाहेर न उघडता सावत्र बापाच्या खोलीत उघडणारा झरोका, जमिनीला जखडलेला पलंग. सावत्र बाप डॉ. रॉयलॉट त्या झरोक्यातून, दोरावरून पलंगावर विषारी साप सोडतो; ‘बँड’ म्हणजे तो साप. कारण हिशेबात आहे. त्याच्या दिवंगत बायकोचं उत्पन्न शेतमालाचे भाव पडल्यामुळे वर्षाला जवळपास ११०० पौंडांवरून ७५० वर आलंय. लग्न झालं की प्रत्येक मुलीला २५० द्यायचे. दोघींची लग्नं झाली, तर डॉ. रॉयलॉटच्या हाती उरतात २५०.

‘पण साप तर हिंदुस्थानातला!’ खरं आहे, हत्यार तिकडचंच. (साप बशीतलं दूध पितो, ही लेखकाची कल्पना. नागपंचमीला आपल्याकडचे सर्पमित्र हेच समजावून थकतात.) हात मात्र इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या जुन्या सॅक्सन घराण्याचा आहे. याच रॉयलॉटने कलकत्त्यात आपल्या हिंदुस्थानी नोकराला मरेपर्यंत मारलं होतं. तिथे बळी कोण, हे कथा स्पष्ट सांगते.

घर सुरक्षित, हा दावा तर सर्वांत कच्चा. ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’त सावत्र बाप वेष पालटून मुलीचा प्रियकर बनतो, कारण तिच्या २५०० पौंडांवरचं साडेचार टक्के व्याज घरात राहायला हवं. ‘द कॉपर बीचेस’मध्ये सख्खा बाप पैशासाठी मुलीला कोंडतो.

‘द यलो फेस’मध्ये खिडकीतला भेसूर चेहरा हा मुखवटा आहे. आत एक काळी मुलगी आहे, आणि शेजाऱ्यांनी कुजबुजू नये म्हणून तिला तो घातलाय. सावत्र बाप तिला उचलून तिचा मुका घेतो. होम्सचा ब्लॅकमेलचा तर्क इथे साफ चुकतो.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. जिप्सींची हूल चालते ती वाचकाच्या मनात पूर्वग्रह आधीच असतो म्हणून, आणि लेखक तो बिनदिक्कत वापरतो.

विरोधी बाजूचं सर्वांत भक्कम उदाहरण ‘द फाइव्ह ऑरेंज पिप्स’. धमकी म्हणून पाठवलेल्या संत्र्याच्या बियांचं पहिलं पाकीट एलायस ओपनशॉला पाँडिचेरीहून येतं, पण पाठवणारे अमेरिकेतल्या कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेचे. त्यांना हवी असलेली कागदपत्रं एलायसच्याच माळ्यावरच्या कुलूपबंद खोलीत पितळी पेटीत आहेत, आणि हा एलायस इंग्लंडमध्ये जन्मलेला.